चीनमधल्या साध्या हॉटेलात चविष्ट जेवण मागवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी इवूच्या बाजारात माल बघायला निघालेलं असतं, कोणी ग्वांगचौच्या कँटन फेअरला, कोणाची मुलगी एमबीबीएससाठी तिकडे गेलेली असते आणि आईबाबा पहिल्यांदा भेटायला जाणार असतात. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं झालेलं असतं. मग रात्री फोन येतो, "अरे, पण तिथं खायचं काय?" पाच वर्षं तिकडे राहून आलेल्या माणसाला हा प्रश्न किती वेळा येतो, ते मोजणं मी सोडलंय. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

खाली चिनी शब्द मराठी उच्चारात दिले आहेत. आपलं एक भाग्य आहे. रोमन लिपीत लिहिलेलं चिनी, म्हणजे पिनयिन, वाचताना युरोपियन लोक गोंधळतात, कारण त्यातलं 'बी' अक्षर म्हणजे आपला प आणि 'पी' म्हणजे आपला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. अल्पप्राण-महाप्राणाचा हा फरक आपल्या जिभेला बालवाडीपासून ठाऊक आहे. तेव्हा उच्चार मराठीतच पाठ करा, इंग्रजी स्पेलिंगच्या नादी लागू नका.

आपलं मंचुरियन, शेजवान राइस तिथं मिळतं का?

नाही. चिकन मंचुरियन मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. मंचुरिया म्हणजे आजचा ईशान्य चीन. तिथले लोक बटाटा, वांगं आणि आंबवलेला कोबी खातात, आणि 'मंचुरियन' मागितलंत तर तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. शेजवान म्हणजे सच्वान प्रांत, पण आपली ती लाल चटणी त्या प्रांतात कोणी पाहिलेली नाही.

मात्र आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर आपल्याला जे आवडतं ते तिथं आहेच. लसूण, सुकी मिरची, सोया, व्हिनेगर, मोठ्या आचेवर परतल्याचा वास. फक्त नावं वेगळी आहेत. ती नावं कळली की काम झालं.

भाषा अजिबात येत नाही. किमान किती शब्द लागतील?

आठ-दहा. वेटरला हाक मारायची, 'फूवूयुएन!' मोठ्याने मारायची. आपल्याकडे 'शुक् शुक्' वाईट दिसतं, तसं तिथं मोठ्याने हाक मारणं मुळीच वाईट दिसत नाही. हळू आवाजात हात वर करून बसलात तर बसूनच राहाल. छोट्या दुकानात मालकच असतो, त्याला 'लावपान' म्हणावं.

'चेइक' म्हणजे हे. 'लाय यी फन' म्हणजे एक प्लेट आणा. बोट दाखवून 'चेइक, लाय यी फन' एवढ्या एका वाक्यावर माझे पहिले तीन महिने निघाले. शेजारच्या टेबलावर काही छान दिसलं तर तिकडेही बोट दाखवता येतं. कोणी रागावत नाही, उलट शेजारीच सांगायला लागतात.

'पू याव' म्हणजे नको. 'मीफान' भात. 'यी वान मीफान' एक वाटी, 'ल्यांग वान' दोन वाट्या. 'मायतान' म्हणजे बिल आणा. 'तापाव' म्हणजे बांधून द्या.

चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'थांग' सपाट उंच सुरात म्हटलं तर सूप, चढत्या सुरात म्हटलं तर साखर. पण हॉटेलात बसून तुम्ही साखर मागणार नाही, हे वेटरलाही कळतं. घाबरू नका.

बोटांनी आकडा दाखवताना मात्र सांभाळा. अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवलंत तर ते दोन होत नाहीत, आठ होतात. मी एकदा आठ प्लेट मोमोंच्या तयारीत असलेल्या बाईंना धावत जाऊन थांबवलं होतं. दोनसाठी तर्जनी आणि मधलं बोट दाखवायचं.

मेनूत फोटो नाहीत, नुसती अक्षरं. कळणार कसं?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोठं आहे, कारण खरी किल्ली इथंच आहे.

चिनी पदार्थाचं नाव बहुतेक वेळा पाककृतीच असते. चव किंवा शिजवण्याची रीत, मग मुख्य वस्तू, आणि शेवटी ती चिरली कशी. आपल्याकडे 'भरली वांगी' किंवा 'सुक्या बटाट्याची भाजी' म्हणतात ना, तसंच. 'स्वानला थूतोउस' घ्या. स्वान आंबट, ला तिखट, थूतोउ बटाटा, स म्हणजे लांब बारीक काड्या. पदार्थ न बघताही तुम्हाला कळलं की आंबट-तिखट बटाट्याच्या काड्या येणार.

चिरण्याचे शब्द चारच लक्षात ठेवा. 'स' म्हणजे काड्या, 'फ्येन' पातळ काप, 'तिंग' छोटे चौकोनी तुकडे, 'ख्वाय' मोठ्या फोडी. कोंबडीच्या बाबतीत यात गोम आहे. 'चीतिंग' म्हणजे सहसा बिनहाडाचे तुकडे, आणि 'चीख्वाय' म्हणजे हाडासकट सुऱ्याने तोडलेली कोंबडी, बारीक कपच्यांसह. लहान मुलं बरोबर असतील तर 'तिंग' शोधा. ते अक्षरही सोपं आहे, वर आडवी रेघ आणि खाली हुक, थेट खिळ्यासारखं.

रीतींमध्ये 'छाव' म्हणजे परतणं, 'चंग' वाफवणं, 'चा' तळणं, 'होंगशाव' म्हणजे सोया आणि साखरेत मंद शिजवून लालसर करणं, 'ल्यांगपान' म्हणजे कोशिंबिरीसारखं थंड कालवलेलं. 'कानप्येन' म्हणजे पाणी न घालता सुरकुत्या पडेपर्यंत परतलेलं. भेंडी चिकट राहू नये म्हणून आपण जे करतो, तेच.

चवीमध्ये 'स्वानरोंग' म्हणजे भरपूर ठेचलेला लसूण. 'थांगत्सू' गोड-आंबट. 'माला' म्हणजे बधिर करणारं तिखट, त्यावर पुढे बोलू. 'कोंगपाव' म्हणजे सुकी मिरची आणि शेंगदाणे. एकोणिसाव्या शतकात सच्वानचे गव्हर्नर असलेल्या तिंग पावचन यांच्या दरबारी पदवीवरून हे नाव पडलं. आणि 'यूश्यांग', शब्दशः 'माशाच्या वासाचं', त्यात मासा नसतोच. सच्वानात मासा ज्या मसाल्यात करतात तो मसाला, म्हणजे आलं, लसूण, आंबवलेली मिरची, साखर, व्हिनेगर, त्यात वांगं शिजवलेलं असतं. हे वांगं पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आईच्या हातच्या चिंच-गुळाच्या वांग्याची आठवण आली होती.

आता अक्षरं. हजारो शिकायची गरज नाही, तुकडे ओळखायला शिका. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ आणि तिच्यावर दोन छोटे कोंब दिसले की ती बहुधा वनस्पती: भाजी, वांगं, लसूण, मश्रूम सगळ्यांच्या डोक्यावर ते आहेत. डावीकडे तीन थेंब म्हणजे काहीतरी पातळ, सूप, तेल किंवा दारू. खाली चार ठिपके म्हणजे विस्तव, तो शिजवण्याचा शब्द. आणि डावीकडे उभी अरुंद चौकट, तिच्यात दोन आडव्या रेघा दिसल्या तर जपून. काळीज, आतडी, पोटा, गुर्दा या सगळ्यांना ती असते. 'मांस' हे अक्षर स्वतंत्र आहे, खालून उघड्या चौकटीत एकाखाली एक दोन माणसं उभी असल्यासारखं.

गंमत म्हणजे तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीराच्या, दुसऱ्या अक्षराच्या पोटात हेच 'मांस' दडलेलं आहे. तिथं मात्र घाबरायचं कारण नाही.

काही नावं भलतीच असतात. 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या' म्हणजे?

काचेसारख्या शेवयांना चिकटलेला खिमा. 'सिंहाचं डोकं' म्हणजे डुकराच्या मांसाचे मोठे गोळे. 'नवरा-बायकोच्या फुप्फुसाचे काप' म्हणजे गाय-बैलाच्या आतल्या अवयवांचं थंड तिखट कालवण, आणि त्यात फुप्फुस सहसा नसतंच. फसवं नाव एकच आहे, 'थ्येनची'. शब्दशः शेतातली कोंबडी, प्रत्यक्षात बेडूक. अनुवादाच्या ॲपमध्ये ते 'चिकन' दिसू शकतं.

मी शाकाहारी आहे. 'वो छ सू' म्हटलं की पुरेल ना?

'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. वाक्य बरोबर आहे, उपयोग मर्यादित आहे. साध्या हॉटेलातल्या आचाऱ्याच्या दृष्टीने 'रोउ' म्हणजे मांसाचे दिसतील असे तुकडे, आणि नुसतं 'रोउ' म्हटलं की डुकराचं. भाजीवर भुरभुरलेला खिमा त्याच्या लेखी मसाला असतो. हाडांचा रस पाण्याच्या जागी असतो. 'मांस नको' म्हटल्यावर तो मनापासून तुकडे काढून देतो आणि बाकी सगळं तसंच राहतं. यात लबाडी नाही, व्याख्याच वेगळी आहे.

म्हणून माझा सल्ला असा की अटी सांगत बसू नका, पदार्थाचं नाव सांगा. जो पदार्थ मुळातच बिनमांसाचा आहे तोच मागवा. माझी यादी ही:

स्वानला थूतोउस वर सांगितलंच. बटाटा कुरकुरीत राहतो, तो कच्चा नसतो, तसाच करायचा असतो. तीसानश्येन, म्हणजे बटाटा, वांगं, ढोबळी मिरची, तळून सोयाच्या रस्यात. हे खऱ्या मंचुरियाचं, आणि भाताबरोबर अप्रतिम. फाय ह्वांगक्वा, म्हणजे ठेचलेली काकडी, लसूण आणि व्हिनेगर. हूफी छिंगच्याव, म्हणजे सालीवर डाग पडेपर्यंत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, तोंडी लावायला. स्वानरोंग शीलानह्वा, लसणीतली ब्रोकोली. छिंगछाव खोंगशिनत्साय, पोकळ देठाची पालेभाजी. 'खोंगशिन'चा अर्थच पोकळ हृदयाची. अंडं चालत असेल तर शीहोंगश छाव चीतान, टोमॅटो-अंडं. चीनमधल्या प्रत्येक घरात होतं, प्रत्येक हॉटेलात मिळतं, मेनूत नसलं तरी करून देतात.

आता सापळे. मापो तोउफू (तिखट रस्यातला तोफू), यूश्यांग छ्येत्स (तेच वांगं) आणि कानप्येन केलेल्या फरसबीच्या शेंगा, या तिन्हींत खिमा असतो. तिथं नेमकं म्हणा, 'पू याव रोउमो', खिमा नको. 'मांस नको' पेक्षा हे दहापट चांगलं चालतं, कारण आचाऱ्याला नेमकं काय काढायचं ते कळतं. कडक पाळणाऱ्यांनी आणखी तीन शब्द लिहून न्यावेत: चूयोउ (डुकराची चरबी), हावयोउ (कालवांचा सॉस, दक्षिणेत पालेभाजीवर सर्रास) आणि चीचिंग (कोंबडीची पावडर, जी जवळपास प्रत्येक ओट्यावर असते).

अगदीच शुद्ध हवं असेल तर बौद्ध मंदिराच्या आसपास शोधा. तिथल्या शाकाहारी खानावळींच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक असतं, आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेचं. शांघायमध्ये १९२२ पासून चालू असलेलं कोंगतलिन याच परंपरेतलं. मेनूत 'बदक' आणि 'मासा' वाचून उठून जाऊ नका, ते तोफूच्या सालीचं आणि मश्रूमचं असतं.

जैन जेवण? कांदा-लसूण नको?

वरच्याच बौद्ध खानावळी. भिक्षूंच्या नियमात कांदा-लसणीच्या जातीचं सगळं वर्ज्य आहे, आणि आपल्याला नवल वाटेल, हिंगसुद्धा वर्ज्य आहे. बटाटा-गाजराचा नियम मात्र त्यांना नाही, तो तुम्हालाच सांभाळावा लागेल.

बीफ आणि पोर्क खात नाही, चिकन-मासे चालतात. मग?

डुक्कर टाळायचं असेल तर 'छिंगचन' पाटी शोधा, म्हणजे हलाल. बहुधा हिरवी असते, अरबी अक्षरं असतात. चीनच्या कुठल्याही शहरात लानचौ लाम्येनचं दुकान सापडतंच, हाताने ओढलेल्या शेवयांचं. ती बहुतेक वायव्येकडच्या मुस्लिम कुटुंबांची असतात. डुक्कर तिथं नक्की नाही, पण मुख्य रस्सा बैलाच्या हाडांचा असतो. बीफ न खाणाऱ्यांनी तिथं टोमॅटो-अंड्याचं 'पानम्येन' मागवावं, म्हणजे रश्याशिवाय कालवलेल्या शेवया. शिन्च्यांग, म्हणजे चीनच्या वायव्य टोकाच्या भागातल्या, पद्धतीच्या हॉटेलात 'ताफानची' मागवा, मोठ्या परातीत बटाटा घालून केलेली कोंबडी, खाली रुंद शेवया. चार जणांना पुरते आणि आपल्या तोंडाला पहिल्याच घासात पटते.

लाम्येनच्या दुकानात शेवयांची जाडी विचारतात. 'शी' बारीक, 'ख्वान' रुंद, 'ताख्वान' पट्ट्यासारखी रुंद. आणि सगळ्यात बारीक, केसासारखी, तिचं नाव 'मावशी'. काउंटरवर जाऊन "मावशी!" म्हणायचं आणि पलीकडच्या दाढीवाल्या काकांनी मान डोलवायची, हा आनंद फक्त मराठी माणसालाच मिळतो.

हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्यात आपणच जिन्नस शिजवून खायचे तिथं, मात्र डोळे उघडे ठेवा. सच्वान-छोंगछिंग पद्धतीचा लाल रस्सा पारंपरिकरीत्या 'न्योउयोउ'त होतो, म्हणजे गाय-बैलाच्या चरबीत. तुम्ही त्यात नुसत्या भाज्या आणि तोफू टाकलात तरी ती चरबी आलीच. कित्येक आपले लोक वर्षभर आवडीने खातात आणि नंतर कोणीतरी सांगतं. 'छिंगयोउ' म्हणजे वनस्पती तेलातला रस्सा वेगळा मिळतो, तो मागा. नाहीतर दोन कप्प्यांचं भांडं घ्या, 'युएनयांग क्वो', आणि एका बाजूला टोमॅटोचा किंवा मश्रूमचा रस्सा सांगा. तोही हाडांच्या पाण्यात असू शकतो, हे शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं.

फार तिखट असतं का?

आपल्या मानाने? कोल्हापूर किंवा विदर्भाकडच्या माणसाला तिखटाचं भय नाही. धक्का बसतो तो बधिरपणाचा. 'माला' मधला 'ला' म्हणजे तिखट आणि 'मा' म्हणजे मुंग्या आणणारं. तो येतो 'ह्वाच्याव'मुळे. कोकण-गोव्याच्या वाचकांना एका शब्दात सांगतो: तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात घालतो ते तिरफळ आणि सच्वानचं ह्वाच्याव एकाच झँथोक्सायलम कुळातली भावंडं. आपण चार-पाच फळं ठेचून टाकतो, ते ओंजळभर टाकतात. दाणा चावायचा नाही, बाजूला काढायचा, हेही आपल्यासारखंच.

'पू ला' तिखट नको, 'वेइला' थोडं तिखट. छंगतूत 'वेइला' सांगून पुण्याच्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय, तेव्हा सच्वानात एक पायरी खालचंच सांगा. बधिरपणा नको असेल तर 'पू याव ह्वाच्याव'. हुनान प्रांतात नुसतं झणझणीत असतं, मुंग्या नाहीत. आपल्या जिभेला हुनान जास्त जवळचं वाटतं, असं माझं मत.

एकटा असेन तर? प्लेटी फार मोठ्या असतात म्हणे.

असतात, कारण तिथं सगळं मधे ठेवून वाटून खातात. एकट्याने 'काइच्यावफान' शोधावं, म्हणजे भातावर एक भाजी ओतून दिलेली थाळी. किंवा 'मालाथांग'. फ्रिजमधून हव्या त्या भाज्या, तोफू, शेवया स्वतः टोपलीत घ्यायच्या, वजन करून द्यायचं, ते शिजवून देतात. काय पडलं ते डोळ्यांनी दिसतं. नवख्याला याहून सोपं काही नाही, फक्त रस्सा कशाचा ते विचारा.

चौघांनी किती मागवावं? आणि भात येतच नाही!

माणसं जितकी, त्याहून एक पदार्थ जास्त. त्यात एक थंड, एक पालेभाजी, एखादं सूप. पदार्थ तयार होतील तसे येतात, क्रम नसतो.

भाताचं दुःख सगळ्यांचं सारखं. बऱ्याच ठिकाणी भात शेवटी पोट भरायला म्हणून आणतात, आणि आपण मसालेदार भाजी समोर ठेवून वाट बघत बसतो. मागवतानाच सांगा, 'मीफान श्येन शांग', भात आधी आणा. चपाती नाही मिळणार. ईशान्येत आणि वायव्येत वाफवलेले पाव आणि नान मिळतात. नानला शिन्च्यांगमध्ये 'नांग' म्हणतात, भाजीबरोबर छान लागतो.

मासा मागवताना किंमत 'चिन'ची आहे का ते बघा. एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम. मेनूतला आकडा अख्ख्या माशाचा समजून बसलात तर बिलाच्या वेळी चेहरा पडतो.

किती वाजता जायचं?

लवकर. दुपारी साडेअकरा ते एक, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. दोन ते पाच पुष्कळ ठिकाणी आचारी झोपलेले असतात, अक्षरशः टेबलावर डोकं ठेवून. रात्री नऊला जेवायची सवय असलेल्यांनी 'शावखाव' गाठावं, म्हणजे कोळशावर भाजणाऱ्या गाड्या आणि दुकानं. त्या उशिरापर्यंत चालतात. तिथलं लसूण घालून भाजलेलं वांगं आपल्या भरताचं चुलत भावंड आहे.

पैसे कसे द्यायचे? टेबलावर नुसता क्यूआर कोड आहे.

तो कोड दोन कामं करतो: मेनू उघडतो आणि पैसे घेतो. २०२३ पासून अलीपे आणि वीचॅट, दोन्हींत परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्याच्या वर ३ टक्के लागतं. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून अलीपे निघण्याआधी घरीच चालू करून ओळख पडताळणी उरकून घ्या. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेत सुरू करायला विसरू नका. थोडी रोख ठेवाच. युआनच्या नोटा दुकानदाराने नाकारायच्या नाहीत, असा नियम आहे, पण सुटे नसतात.

कोडवरचा मेनू हे वरदान आहे, कारण त्यात फोटो असतात आणि सावकाश अनुवाद करता येतो. मी तर कागदी मेनू मिळाला तरी कोडच उघडतो.

टीप देत नाहीत. ठेवलीत तर पोरगा रस्त्यापर्यंत पळत येतो पैसे विसरलात म्हणून. प्लास्टिकात गुंडाळलेल्या बशा-वाट्यांचे एक-दोन युआन लागू शकतात, आणि ग्वांगतोंग प्रांतात, म्हणजे ग्वांगचौकडे, माणशी चहाचे पैसे लागतात. ती फसवणूक नाही.

अनुवादाचं कोणतं ॲप?

गूगलच्या सेवा हॉटेलच्या वायफायवर किंवा चिनी सिमवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. ऑफलाइन भाषा आधी उतरवून ठेवा. ॲप शब्दाला शब्द ठेवतं, म्हणून 'माशाच्या वासाचं वांगं' वाचून लोक चांगला पदार्थ सोडतात. शेवटचा निवाडा वरच्या सूत्राने करा.

चांगलं हॉटेल ओळखायचं कसं?

'तात्सोंग त्येनफिंग' नावाचं ॲप आहे, २००३ मध्ये ते संकेतस्थळ म्हणून सुरू झालं. त्यात प्रत्येक हॉटेलाखाली लोकांनी टाकलेले पदार्थांचे फोटो असतात. फोटो दाखवून 'चेइक' म्हणायचं. नाहीतर विचारा, 'चावफायत्साय?' म्हणजे तुमची खासियत काय. आणि ज्या गावात आहात तिथलं खा. सच्वानच्या हॉटेलात ग्वांगतोंगचा वाफवलेला मासा मागवू नका. शांघायकडे भाज्यांतसुद्धा साखर असते, तक्रार करण्यात अर्थ नाही. ग्वांगचौला सकाळी डिमसम, म्हणजे चहाबरोबरचे छोटे छोटे पदार्थ, खा. तिथं कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं, ते त्यांचं धन्यवाद.

युन्नानबद्दल एक शब्द जास्त. खुनमिंग-तालीकडे 'रूपिंग' मिळतं, शेळीच्या दुधाचं पनीर. तव्यावर सोनेरी भाजून देतात. चीनमध्ये पनीर मिळत नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येकाला मी युन्नानी हॉटेलाचा पत्ता देतो.

शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

लिहिलेलं चिनी कार्ड बरोबर ठेवाच, उच्चारावर विसंबू नका. 'वो त्वेइ ह्वाशंग क्वोमिन' हे वाक्य. कोंगपाव सरळ टाळा. शेंगदाणा तेलही वापरतात, विशेषतः दक्षिणेत.

चॉपस्टिक जमत नाहीत. हाताने जेवलं तर?

'शावत्स' मागा, चमचा मिळतो. हाताने भात खाल्लात तर लोक बघतील, एवढंच. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ते मेलेल्यांपुढच्या उदबत्तीसारखं दिसतं.

पाणी?

गरम येतं. उन्हाळ्यातही. गार हवं तर बाटली विकत घ्या.

उरलं तर?

'तापाव'. लाज नाही. २०२१ पासून तिथं अन्नाची नासाडी रोखायचा कायदाच आहे, आणि अर्धी प्लेट मिळते का हेही विचारता येतं.

भारतातून आलो म्हटल्यावर काय होतं?

'यिन्तू' म्हटलं की तरुण लोक सिनेमांची नावं घेतात. हपेइ प्रांतात, शीच्याच्वांगच्या बाजूला, वयस्कर माणसं वेगळंच नाव घेतात: 'ख तीह्वा'. हे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले, समाधी शीच्याच्वांगला आहे. तिथल्या एका खानावळीत मी त्यांच्याच राज्यातला आहे हे कळल्यावर आजोबांनी बिलातून काकडी वगळली होती.

पहिल्याच संध्याकाळी, दोघंजण, एक शाकाहारी. काय मागवू?

फाय ह्वांगक्वा, स्वानला थूतोउस, तीसानश्येन, आणि मांसाहाऱ्यासाठी कोंगपाव चीतिंग. 'ल्यांग वान मीफान, श्येन शांग.' सहा वाजता पोहोचा, हाक मोठ्याने मारा. काकडी सगळ्यात आधी येईल. ती संपवू नका, कोंगपावच्या मिरचीनंतर लागेल.